दोन रुपये आणि पायलीभर ज्वारी



आपल्या वऱ्हाडात एसटीनं जाताना कधी कधी एखाद्या गावाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी दिसते. अमुक यांच्या स्मरणार्थ धर्मार्थ दवाखाना. रंग उडालेला असतो. ज्यांच्या स्मरणार्थ दवाखाना काढला त्यांचं नाव तेवढं वाचता येतं. आत खोल्यांना कुलूप, नाहीतर कुणाच्या तरी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. पारावर बसलेल्यांना विचारलं तर सांगतात, हो, चालला ना भाऊ, दोन-अडीच वर्षं चालला. तालुक्याहून डॉक्टर दर रविवारी यायचे, गोळ्या फुकट मिळायच्या. मग डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना वाढला, दात्यांच्या मुलांचं लक्ष उडालं, गोळ्या संपल्या. कुणाचं भांडण झालं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत. तरी दवाखाना गेला. नवल म्हणजे गावाला त्याची फारशी हळहळ नसते. शाळेची एक तुकडी बंद होणार म्हटलं तर हेच गाव मोर्चा काढतं.

ही हळहळ का नसते, यावर मला आज बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या नांदुऱ्याच्या बाजूची दोन-तीन शिकलेली पोरं मागे माझ्याकडे आली होती. त्यांना जवळच्या एका खेड्यात आरोग्य केंद्र काढायचं होतं. जागा मिळाली होती, एक दाता तयार होता. माझ्याकडे ती आली नाव मागायला. कवीकडे लोक नावासाठीच येतात. नवजात मुलांची, दुकानांची, पतसंस्थांची नावं मी आजवर पुष्कळ दिली. या वेळी मात्र मी म्हटलं, नावाचं नंतर बघू, आधी आपल्या महाराष्ट्रात जे दवाखाने टिकले ते कशानं टिकले ते बघा. मग त्यांच्यासोबत मीही वाचत, विचारत बसलो. त्या शोधात जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात जामखेडपासून करतो. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेलं. आधी त्यांनी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथं त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. आज बरं करून पाठवलेलं मूल दोन महिन्यांनी त्याच हगवणीनं पुन्हा दारात येत होतं. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि 1970 साली परत येऊन त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. जागा कुठली, तर गुरांचा जुना दवाखाना. एक अट मात्र त्यांनी आधीच घातली होती. गावानं बोलावलं तरच यायचं. आपल्याकडे संस्था गावात येते, उद्घाटन होतं, आणि गाव पाहुण्यासारखं मांडवात बसतं. आरोळ्यांनी हे उलटं केलं. बोलावणारं गाव यजमान झालं आणि डॉक्टर पाहुणे झाले.

पण खरी अडचण पुढे आली. त्यांनी ठरवलं होतं की शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवायच्या. कागदावर हे छान दिसतं. पण शहरात शिकलेली पंचवीस वर्षांची मुलगी एकटी खेड्यात राहणार कशी? तिला घर कोण देणार, रात्री तिची सोबत कोण करणार, आणि गावातल्या चार बाळंतपणं केलेल्या सासवा तिचं ऐकणार का? ते जमलं नाही. तेव्हा गावातलीच बाई घ्यायची असं ठरलं. तिला पगारदार नोकर करायचं नव्हतं. तिनं आपल्याच गावाचं आरोग्य बघायचं होतं. आणि तिला निवडायचं गावानं. ज्या बाया आल्या त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, शिकायचं, पुन्हा गावी जायचं. गावी जाऊन जे शिकलं ते करून बघायचं आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगायचं. कुणी उचलून घेतलं, कुणी दारातून हाकललं, सगळं.

या आठवड्याच्या शाळेबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण नकल करणारे नेमकं तेच सोडून देतात. या बायांचं शिक्षण एका शिबिरात उरकलं नाही. ते वर्षानुवर्षं चाललं. आज हगवण, पुढच्या आठवड्यात गरोदरपण, त्यानंतर क्षय, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, पुन्हा हगवण. लिहिता न येणारी बाई विसरेल म्हणून तिला पुन्हापुन्हा सांगायचं, हा त्यामागचा हेतू नव्हता. ती गावातून नवा प्रश्न घेऊन येई आणि त्या प्रश्नावर पुढचा धडा होई. शिवाय वेगवेगळ्या जातींच्या बाया तिथं एकत्र जेवत, एकत्र झोपत. पहिल्या काही आठवड्यांत ते किती अवघड गेलं असेल याची कल्पना खेड्यात राहणाऱ्याला द्यायला नको.

आणि शिकायचं तरी काय? उदाहरण देतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हगवण लागलेल्या मुलाला हे घोटघोट पाजत राहायचं. घरात साखर नि मीठ असलेली कुठलीही बाई हे करू शकते. ज्या काळात सलाईन लावल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नसे, त्या काळात गावातलीच एक बाई येऊन सांगते की बाई, आधी हे पाज. तिच्यावर विश्वास बसला कारण तिचं स्वतःचं पोर त्याच गल्लीत खेळत होतं.

जामखेडच्या कामाची नोंद नीट ठेवलेली आहे. 1971 च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांतली 176 मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. 1993 पर्यंत हा आकडा 19 वर आला. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं ते उगाच नाही. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ नावाच्या तिथल्या आरोग्य कार्यकर्तीनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या परिषदेत भाषण केलं. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून तिनं म्हटलं होतं की डॉक्टर तसे आहेत, देखणे पण महाग, आणि उंच टांगलेले. मी पणती आहे, पण माझ्यावरून दुसरी पणती लावता येते, अशा अर्थाचं ती बोलली. कविता लिहिणाऱ्या माणसाला ही उपमा सुचायला हवी होती, असं मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं.

जामखेडची आणखी एक हकीकत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात तिथं बोअर खोदून हातपंप बसवायचं काम निघालं. आरोळ्यांनी पंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. ज्यांना आजवर विहिरीला हात लावू दिला नव्हता, त्यांच्या दारात आता सगळ्या गावाला घागर घेऊन यावं लागलं. भाषण नाही, घोषणा नाही. हगवण थांबवायला स्वच्छ पाणी लागतं, हा त्यातला वैद्यकीय भाग झाला. दुसरा भाग मी सांगायची गरज नाही.

आता गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं मिळाली ती डॉक्टरांच्या कुठल्या पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. नातलगाला आत येऊ देत नाहीत. आणि तुम्ही सगळे पांढरे कपडे घालता, आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. हे ऐकून दवाखाना कसा बांधला, तर झोपड्यांसारख्या खोल्या, जिथं आजाऱ्याबरोबर घरची माणसं राहतील. नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. ती त्यांची देवी. नाव मागायला ते कुठल्या कवीकडे गेले नाहीत, हे त्या पोरांना मी मुद्दाम सांगितलं.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते राणी बंगांनी शब्दांवर केलेलं काम. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक अभ्यास आला. दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या, त्यांतल्या 92 टक्क्यांना स्त्रीरोग होता, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. म्हणजे जवळजवळ सगळं गाव आजारी होतं आणि दवाखान्याच्या रजिस्टरात त्याची ओळही नव्हती. कारण बाई दवाखान्यात येऊन म्हणते, कंबर दुखते. आमच्या मोहल्ल्यातली बाई म्हणते, कमर में दर्द है, चक्कर आती. डॉक्टर शक्तीच्या गोळ्या लिहून देतो, ती घेऊन जाते. अंगावरून जातंय हे वाक्य ती परक्या पुरुषासमोर उच्चारतच नाही. उच्चारलं तरी ‘धुपणी’ म्हणेल, आणि शहरातून आलेल्या डॉक्टरला धुपणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. राणीताईंनी हे शब्द बायांकडून ऐकून घेतले, पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात ते जग मांडलं. आमची अम्मी घरात दखनी बोलायची, बाहेर वऱ्हाडी. दवाखान्यात गेली की दोन्ही सोडून तिसरीच, मोडकी पुस्तकी भाषा बोलायची, जणू तिथं आपली भाषा चालत नाही. आरोग्य केंद्र काढणाऱ्यानं औषधांच्या यादीआधी आपल्या गावातल्या आजारांच्या शब्दांची यादी करावी, असं माझं मत आहे. त्याला पैसा लागत नाही, कान लागतात.

गडचिरोलीतच गावच्या बायांच्या हाती एक साधं यंत्र दिलं गेलं. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला की नाही हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाले की धोका. पण जिला साठपर्यंत मोजता येत नाही, घड्याळ नाही, तिनं काय करायचं? तिच्यासाठी एक मिनिटात संपणारी वाळूची घटिका आणि मणी ओवलेली पाटी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. अशा आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, त्यावरचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. ज्या गावांत हे काम झालं तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत इतर गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी कमी झालेला होता. 2011 साली केंद्र सरकारनं घरोघर नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर सुरू केला, त्याचं मूळ इथं आहे.

विश्वासाचं सांगतो. पोलिओच्या थेंबांची मोहीम जोरात होती तेव्हा कितीतरी ठिकाणच्या मुस्लिम वस्त्यांत अफवा पसरल्या होत्या. थेंबांनी पोरं पुढं निपुत्रिक होतात वगैरे. आमच्याकडेही चार घरांनी दार लावून घेतलं. सरकारी जीप येऊन गेली, साहेब येऊन गेले, दार उघडलं नाही. उघडलं ते गल्लीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईनं. ती काही विज्ञान सांगत बसली नाही. ओसरीवर बसली, आपल्या नातवाला सगळ्यांसमोर थेंब पाजले आणि म्हणाली, आता द्या तुमचा पोरगा इकडे. पुढच्या रविवारी मशिदीच्या भोंग्यावरूनही सांगितलं गेलं. पण दार आधी बाईनं उघडलं होतं.

आता पैशाचं. धर्मादाय म्हटलं की आपल्याला फुकट आठवतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक दवाखाने या शब्दानंच मारले. मेळघाटात बैरागड नावाचं गाव आहे, धारणी तालुक्यात. तिथं ऐंशीच्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे गेले. हे आपल्या शेगावचे, म्हणजे नांदुऱ्याहून गाडीत बसलं की जलंब आणि मग शेगाव. नागपूरला एमबीबीएस झालेला हा मुलगा हरिसालहून चाळीस किलोमीटर पायी चालत बैरागडला जायचा, तेव्हा तिकडे रस्ताच नव्हता. पहिल्यांदा आलेल्या रुग्णाची फी दोन रुपये, पुन्हा आला तर एक रुपया. लोक या दोन रुपयांचं कौतुक करतात ते स्वस्ताईसाठी. मला त्यात वेगळं काही दिसतं. दोन रुपये देणारा कोरकू बाप दवाखान्यातून निघताना भीक घेऊन निघत नाही. त्यानं फी दिलेली असते. उद्या औषध लागू पडलं नाही तर डॉक्टरला जाब विचारायचा हक्क त्याला त्या दोन रुपयांत मिळतो.

कोल्ह्यांना तिथं गेल्यावर कळलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. ते परत गेले, रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक या विषयात एम.डी. केलं आणि पुन्हा आले. लोकांनी गुरांची औषधं मागितली तर ती शिकून घेतली, शेतीचं विचारलं तर शेती करून दाखवली. कारण कुपोषित मुलाचं औषध शेतात पिकतं. डॉ. स्मिता कोल्हे लग्न करून तिथं आल्या. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात बाळ अत्यवस्थ झालं तेव्हा लोकांनीच म्हटलं की याला शहरात न्या. त्यांनी नेलं नाही, गावातल्या बाळांना जे उपचार मिळतात तेच याला मिळतील म्हणाल्या. बाळ वाचलं, आणि गाव त्यांचं झालं. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. या प्रसंगाच्या गोष्टी व्यासपीठावरून फार सांगितल्या जातात. मला मात्र वाटतं की कुठल्याही आईला गावाचा विश्वास मिळवायला अशी परीक्षा द्यावी लागू नये, आणि नव्या डॉक्टरांकडून आपण ती मागूही नये. एका जोडप्याच्या त्यागावर उभं राहिलेलं काम थोर असतं, पण त्याची दुसरी प्रत निघत नाही.

दुसरी प्रत निघेल असं काहीतरी वर्ध्याजवळ सेवाग्रामला झालं. तिथं डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा बसवला. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची, भूमिहीनानं थोडी. त्या बदल्यात दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर सवलत. आणि एक अट. गावातली किमान पाऊणशे टक्के घरं आली तरच गावाला योजना लागू. म्हणजे पाटील आला आणि महारवाडा राहिला, असं चालणार नाही. माझ्याकडे रोख नाही असं म्हणणारा शेतकरी सुगीत पायलीभर ज्वारी नक्की देतो. आज आपल्याकडे ज्वारी मागे पडली, सोयाबीन आणि कापूस आला, तो थेट बाजारात जातो. पण सुगीला मागायचं, ऐपतीप्रमाणे मागायचं आणि सगळ्या गावाकडून मागायचं, ही तिन्ही तत्त्वं अजून जशीच्या तशी वापरता येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण पोरं तिथंच घाबरतात. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा, दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा, दात्याला प्राप्तिकरात सूट मिळावी म्हणून 80-जीची मान्यता घ्यायची. भरती करायच्या खाटा ठेवल्या तर शुश्रूषागृह म्हणून नोंदणी, सुया नि पट्ट्या कुठं टाकता त्याची वेगळी नोंद. कंपन्यांना 2014 पासून नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिकडून मदत मिळते. पण कंपनीला रुग्णवाहिका द्यायला आवडते, तिच्यावर नाव लिहिता येतं. कार्यकर्तीचं मानधन द्यायला आवडत नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांचे नियम 2020 साली फार कडक झाले. एक मिळवणाऱ्या संस्थेनं दुसऱ्या छोट्या संस्थेला तो पैसा देणं बंद झालं, कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. खेड्यातल्या लहान संस्थांना याचा मोठा फटका बसला. म्हणून म्हणतो, दूरच्या पैशावर गाडी सुरू करा हवी तर, पण दिवाबत्तीचा खर्च गावातून निघतो का ते पहिल्या दिवसापासून बघा. लशीच्या फ्रिजला दोन ते आठ अंश थंडावा लागतो, आणि वीज जाते तेव्हा तो फ्रिज कंपनीच्या नावानं थंड राहत नाही.

तुम्ही म्हणाल, आता सरकारनंच गावोगाव आशाताई दिल्या, मग वेगळं केंद्र कशाला? 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि जामखेडसारख्या ठिकाणी जे सिद्ध झालं होतं ते देशभर गेलं, ही मोठी गोष्ट झाली. कोरोनाच्या काळात या बायांनी घरोघर जाऊन जे केलं ते आपण पाहिलं आहे. पण सरकारनं पणती घेतली आणि तेल मोजून द्यायला लागलं. अमुक काम केलं तर अमुक रुपये, प्रत्येक कामाचा वेगळा फॉर्म, आता वेगळं ॲप. मानधनासाठी आपल्या राज्यातल्या आशाताईंना 2021 आणि 2023 साली संपावर जावं लागलं. आणि ती आठवड्याची शाळा? जिथं बाई गावचा प्रश्न घेऊन येते आणि त्यावर पुढचा धडा होतो? ती मात्र बैठकीत बदलली, जिथं वरून आलेलं लक्ष्य खाली सांगितलं जातं. एखाद्या संस्थेला आपल्या भागात फार मोठं काही करता येत नसेल, तर तिनं पाच-सहा गावांतल्या आशाताईंसाठी ही शाळा चालवावी. इमारतही लागणार नाही.

हे सगळं आपल्या मातीला लावून बघायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून तो जातो. विहिरीचं पाणी खारट, आणि जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूच्या गावांत किडनीच्या आजारानं गेलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत सापडतात. हा आजार एकट्या पाण्यानं होतो की पाण्याबरोबर आणखी कशानं, ते तज्ज्ञ शोधतील. वान धरणावरून गोडं पाणी आणायच्या योजना झाल्या, काही गावांना पाणी मिळालं, काही गावांत अजून नळाला तोंड लावून वाट बघतात. आता या भागात कुणी धर्मार्थ दवाखाना काढून रविवारी फुकट गोळ्या वाटल्या तर काय होईल? कंबरदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या सगळ्यात आधी संपतील. आणि त्याच वेदनाशामक गोळ्या सतत खाल्ल्या तर किडनीला बाधतात. म्हणजे दान देणाऱ्याचा हेतू चांगला आणि परिणाम उलटा.

किडनी गुपचूप जाते. पाय सुजले, धाप लागली, तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, बुलडाण्याला नाहीतर अकोल्याला. बरोबर जाणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळी. पण रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते, लघवीत पट्टी बुडवून प्रथिनं जातात का ते दोन मिनिटांत बघता येतं. या तिन्ही गोष्टी दहावी नापास बाईला शिकवता येतात, हे जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. कुठल्या घरी कुठल्या विहिरीचं पाणी पितात, कोण किती दिवस दुखण्याची गोळी खातं, हे तर तिला आधीच माहीत असतं. तिच्या माहितीला एक वही आणि रक्तदाबाचं यंत्र जोडायचं आहे.

त्या पोरांना मी हेच सांगितलं. जागा विकत घ्यायची घाई नको. आधी पाच गावं निवडा, गावसभेत जा, बोलावणं मागा. बोलावणं आलं नाही तर त्या गावाला सोडून पुढं जा. प्रत्येक गावाला एक बाई निवडू द्या, आपल्या पसंतीची नको. वर्षभर फक्त मोजा आणि लिहून ठेवा. दात्याला म्हणावं, पाटीचे पैसे त्या पट्ट्यांवर खर्च कर. दात्याचा चेहरा जरा उतरला असेल, ते मला दिसलं नाही. पोरांनी विचारलं, फी किती ठेवावी? मी म्हटलं, ते बैरागडला जाऊन विचारा. आणि जायचं तर पावसाळ्यात जा.